शुगरवाल्यांचा ओटला

मागच्या अंकात सहज दोन ओळी टाकल्या होत्या की शुगरवाल्यांनो, डॉक्टरांच्या केबिनमध्ये पाच मिनिटांत जे विचारता येत नाही ते इकडे पाठवा, तर महिनाभर फोन टिंगटिंग वाजतोच आहे आणि एका काकांनी तर चक्क पोस्टकार्ड पाठवलं, पन्नास पैशाचं, बारीक अक्षरात दोन्ही बाजू भरून. सगळं छापता येणार नाही. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवायचे, शुगर 2006 पासून आहे म्हणजे माझ्या थोरल्या नातवापेक्षा मोठी. गोळी अर्धी करू का, इन्सुलिन किती युनिट वाढवू, हे मला विचारू नका, उत्तर मिळणार नाही. नावं छापत नाही, मोहल्ला छापते, इंदुरात तेवढ्यावरून लोक घर शोधून काढतात ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : वय 67, रिटायर. चार महिन्यांपूर्वी शुगर निघाली, फास्टिंग 168. नेहरू पार्कात अकरा वर्षं सकाळचा आमचा ग्रुप आहे, फिरणं झालं की पोहे. आता मी लांबून दिसलो की एक जण ओरडतो, "अरे जलेबी लपवा, शुगर आली!" सगळे हसतात, मीही हसतो, पण घरी आल्यावर दिवसभर चिडचिड होते. दोन आठवडे गेलोच नाही. बायको म्हणते ग्रुप सोडा, गच्चीवर फिरा. काय करू?
रामबाग

उत्तर : काका, आधी मला एक सांगा, तो ओरडणारा स्वतः शुगरवाला आहे का? कारण आमच्याकडे याचा साफ कायदा आहे, ज्याच्या बोटाला टोचलंय त्याने कितीही चिडवावं, बाकीच्यांनी आपापले पोहे खावेत.

आमचा ग्रुप कॉलनीच्या बागेतला, आम्ही सात जण, पाच शुगरवाले आणि दोन "अजून नाही"वाले. आमच्यात शुगरचे आकडे क्रिकेटसारखे सांगतात. "आज किती?" "एकशे अठरा, नाबाद." आणि जेवणानंतरची दोनशेच्या वर गेली तर त्याला आम्ही "सेहवाग झाला" म्हणतो, कारण 8 डिसेंबर 2011 ला आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडिजला 219 ठोकले होते आणि त्याच आठवड्यात आमच्या बँकवाले काकांची पीपी (जेवणानंतर दोन तासांची शुगर) नेमकी 219 आली होती. त्यांनी तो रिपोर्ट बागेत आणून बॅट उंचावल्यासारखा सगळ्यांना दाखवला. तोपर्यंत काका रिपोर्ट घरी गादीखाली ठेवायचे, बायकोलासुद्धा दाखवत नव्हते. त्या दिवसानंतर सगळेच आकडे सांगायला लागले. मी गणिताची असून पाच वर्षं माझी तीन महिन्याची टेस्ट (एचबीए1सी, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी) लोकांना एक पॉइंट कमी करून सांगायचे, मलाही खरं बोलायची सवय तिथेच लागली.

म्हणून म्हणते गच्चीवर जाऊ नका. पायांना गच्ची चालते हो, पण गच्चीवर तुमच्याकडे बघणारं कुणी नसतं. गेल्या डिसेंबरातली गोष्ट सांगते. तेच बँकवाले काका, आमच्यातले सगळ्यात थंड डोक्याचे. रविवार होता, त्यांनी घरून गोळी घेतलेली, ग्लिमेपिराइडची, ती जेवणाच्या तोंडाशी घ्यायची असते कारण पोटात काही आहे की नाही हे न बघता ती पॅन्क्रियाला, म्हणजे स्वादुपिंडाला, इन्सुलिन सोडायला लावते. गोळी पोटात, पोटात दुसरं काही नाही, थंडी छान म्हणून दोन राउंड जास्त मारले आणि वर पोह्यांच्या ठेल्यावर ही गर्दी. उभे असता असता काका एकदम आमच्या ग्रुपातल्या मास्तरांवर खेकसले, "माझा पंखा कुणी बंद केला?" बागेत. डिसेंबरात. आम्ही सगळे खो खो हसलो, मास्तरांनी हात जोडून "मी केला साहेब, लाइट बिल वाढतं" म्हटलं, अजून हसलो. आणि हसता हसता ग्रुपातल्याच वहिनींची नजर त्यांच्या हातांकडे गेली. काका शर्टाचं वरचं बटन लावत होते, बटन आधीच लावलेलं होतं, तरी बोटं त्याच्याशीच झटापट करत होती, आणि मफलरच्या वर कपाळ घामाने चकचकीत.

त्यांचं शुगर मोजायचं मशीन त्यांच्याच जॅकेटच्या खिशात असतं, काढलं, टोचलं, 54. सत्तरच्या खाली गेली की लो, एवढं तरी पाठ ठेवा. जलेबीवाला बिचारा पळत आला, "भिया, ये लो, गरम है, पैसे मत देना." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी फुकट जलेबी देत होतं आणि आम्ही सहाच्या सहा जण एका सुरात "नहींऽ" ओरडलो, त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. चुकलं नव्हतं, पण जलेबीत तूप असतं आणि तूप-तेल सोबत असलं की साखर रक्तात पोचायला उशीर लागतो, लोमध्ये तेवढा वेळ नसतो. ग्लुकोज पावडर तीन चमचे म्हणजे साधारण 15 ग्राम, पाण्यात कालवून दिली, 15 मिनिटं थांबलो, पुन्हा मोजली तर 63, पुन्हा तीन चमचे, पुन्हा 15 मिनिटं, 92. मग पोहे खायला दिले, नाहीतर परत खाली जाते. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, श्वासनळीत जातं, सरळ दवाखाना. काकांचं ठिकाणावर आल्यावरचं पहिलं वाक्य होतं, "ती फुकटवाली कुठे गेली?"

आता घरी बसून असते ना, तर काकू म्हणाल्या असत्या सकाळी सकाळी काय चिडचिड लावलीय आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या असत्या. लो झालेला माणूस भांडकुदळ होतो, हे घरच्यांना राग वाटतं आणि शुगरवाल्यांना लक्षण वाटतं. (घरी जाऊन काकांनी गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून नीट करून घेतली, आता गोळी खिशात घेऊन येतात आणि पोह्याची प्लेट हातात आल्यावर घेतात.)

पोह्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही पण मनात असणार. पोहे म्हणजे शेवटी चपटे केलेले तांदूळच, त्यामुळे "हलका नाश्ता" वगैरे मनातून काढून टाका. आम्ही अर्धी प्लेट घेतो आणि वर उसळ, उसळ-पोहे इंदुरात मिळतातच, कडधान्य सोबत असलं की शुगर एकदम उसळी मारत नाही (शब्द उसळच आहे, माझा इलाज नाही). शेव चिमूटभर, कांदा भरपूर, जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) मारके. खाऊन लगेच बाकावर बसत नाही, दहा-पंधरा मिनिटं परत चालतो कारण चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, खाल्ल्यानंतरच्या चालण्याला मोठा भाव आहे. जलेबी? महिन्यातून एकदा, सगळ्यांत मिळून एक, आणि ती मोडताना जी भांडणं होतात ती ऐकून बाजूचा योगाचा क्लास डोळे उघडून बघतो.

आणि त्या ओरडणाऱ्याचं सांगते. 2023 मध्ये आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या) मोठ्या पाहणीचे आकडे आले, देशात 10.1 कोटी मधुमेही आणि आणखी 13.6 कोटी उंबरठ्यावर उभे. साठी ओलांडलेल्या तुमच्या ग्रुपात तुम्ही एकटेच शुगरवाले असाल हे गणितात बसत नाही हो. सगळ्यात मोठ्याने ओरडतो तोच लॅबला जायला सगळ्यात जास्त घाबरत असतो, मी पैज लावते. त्याला म्हणा, चल उद्या उपाशीपोटी लॅबमध्ये, पैसे माझे. 126 किंवा वर आली आणि परत तपासल्यावर पण तेवढीच आली, तर त्याला तुमच्या शेजारी बाकावर जागा करून द्या, आणि मग खुशाल ओरडू दे.

प्रश्न : सासूबाई 74 च्या, शुगर 20 वर्षं. मागच्या आठवड्यात गव्हाची कोठी साफ करताना खाली स्टीलच्या डब्यात मावा पेढे सापडले. याआधी उशीच्या अभ्र्यात, देवघराच्या मागे. मी घरातली पोलीस झालेय आणि मला ते आवडत नाही. त्या माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीत. त्या म्हणतात गुळाचं चालतं. शुगर फ्री पेढे आणून ठेवू का?
सुदामा नगर

उत्तर : ताई, पत्र वाचून मी आधी पोटभर हसले, माफ करा, कारण 2009 मध्ये मी स्वतः बेसनाचे लाडू वॉशिंग मशीनच्या मागे ठेवले होते. मशीन फिरलं की लाडू हलायचे, एक दिवस डबा पडला आणि स्पिनच्या वेळी अख्खं घर जमा झालं. आमचे हे काही बोलले नाहीत, नुसते लाडू मोजले आणि "सात कमी आहेत" एवढंच म्हणाले. तो आवाज मला अजून आठवतो.

चोरून खाण्यात खरा घोळ पेढ्याचा नाही, हिशोबाचा आहे. शुगर वाढलेली दिसते, सासूबाई डॉक्टरांसमोर म्हणतात मी तर गोड शिवत नाही, डॉक्टर बिचारे गोळी वाढवतात. मग एखाद्या दिवशी पेढा मिळाला नाही की वाढवलेली गोळी मोकळी सुटते आणि 74 व्या वर्षी शुगर लो होऊन बाथरूममध्ये चक्कर येते. हे त्यांना सांगा, पण तुम्ही सांगू नका. सुनेचं ऐकायचं नाही हा आपल्याकडे घटनेत नसलेला पण सगळे पाळतात असा कायदा आहे. त्यांच्या भजनी मंडळात एक तरी शुगरवाली मैत्रीण असणारच, तिला घरी चहाला बोलवा आणि तुम्ही आत जाऊन बसा. दोघींना मशीन देऊन ठेवा (दोघींना वेगळं, पुढे वाचा). एक पेढा, जेवणानंतर, सगळ्यांच्या समोर ताटात, त्या दिवशी एक पोळी कमी, आणि दोन तासांनी शुगर मोजून मैत्रिणीला फोनवर सांगायची. लपवलेल्या पेढ्याला लपवण्याची म्हणून एक गोडी असते बघा, ताटात आला की निम्मी कमी होते, माझी तरी झाली.

शुगर फ्री पेढे आणून ठेवू का असं तुम्ही शेवटी विचारलंय. त्यात खवा तर असतोच, खव्यात दुधातली साखर आणि फॅट दोन्ही, त्यामुळे "फ्री आहे" म्हणून डझनभर खायचे नाहीत. आणि सासूबाई म्हणतात तसं गुळाचं चालतं, तर चालत नाही. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर सख्ख्या बहिणी.

प्रश्न : मी 19, कॉलेजला, रूम करून राहते. टाइप वन आहे, नववीपासून. कॅन्टीनमध्ये सुई घेतली की सगळे बघतात म्हणून वॉशरूममध्ये जाऊन घेते. एक मैत्रीण नेहमी म्हणते, "लहानपणी किती चॉकलेट खाल्लीस गं?" ती जोक करते, वाईट नाहीये, पण मला आतून खूप लागतं. आणि मेमध्ये रूमवर फ्रिज नाही, इन्सुलिनचं काय करू?
भंवरकुआ

उत्तर : बेटा, पहिलं म्हणजे वॉशरूममध्ये सुई घेणं बंद. ती जागा सुई घ्यायची नाही, आणि तू काही चोरी करत नाहीयेस. कॅन्टीनमध्ये बस, टेबलावर इन्सुलिनचं पेन काढ, घे. पहिले चार दिवस बघतील, पाचव्या दिवशी समोशाकडे बघतील.

चॉकलेटवालीला हे असंच्या असं वाच. टाइप वनचा आणि गोड खाण्याचा काही संबंध नाही, शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती उलटते आणि पॅन्क्रियातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. माझा आहे तो टाइप टू, माझ्याकडे इन्सुलिन बनतं पण शरीर त्याला दाद देत नाही आणि हळूहळू बनणंही कमी होतं. तुझं-माझं आडनाव एक, खानदान वेगळं. मी दोन दिवस गोळी विसरले तर शुगर वाढेल, तू इन्सुलिन विसरलीस तर जिवावर येईल, त्यामुळे आमच्यासारख्या पोहेबाज म्हाताऱ्यांचे सल्ले तू मनावर घेऊ नकोस, "मेथीचं पाणी पी, सुई सुटेल" असं कुणी म्हटलं तर तिथून सरळ उठून जा.

आता एक गोष्ट सांगते, तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान मुलाची. लिओनार्ड थॉम्पसन, वय 14, टोरांटोच्या हॉस्पिटलमध्ये. टाइप वनवर तेव्हा औषधच नव्हतं, उपाशी ठेवून दिवस ढकलायचे एवढाच उपचार. 11 जानेवारी 1922 ला त्याला पहिलं इन्सुलिन दिलं, ते इतकं अशुद्ध होतं की सुईच्या जागी गळू झालं आणि थांबवावं लागलं. मग कॉलिप नावाच्या केमिस्ट्रीवाल्याने बसून ते शुद्ध केलं, 23 जानेवारीला परत दिलं आणि शुगर खाली आली. इन्सुलिन शोधणारे बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड, कॉलिप, चौघं, आणि चौघांची आपसात अशी काही भांडणं की आमच्या पोह्यांच्या ग्रुपने लाजावं. 1923 चं नोबेल फक्त बँटिंग आणि मॅक्लाउडला मिळालं, तर बँटिंगने रागारागात आपल्या पैशातले निम्मे बेस्टला दिले, मग मॅक्लाउडने निम्मे कॉलिपला. आणि पेटंट? युनिव्हर्सिटीला विकलं, एकेक डॉलर घेऊन. तू कॅन्टीनमध्ये जे पेन काढतेस त्याच्या मागे एवढा तमाशा आहे, लाजायचं कशाला.

बँटिंगचा वाढदिवस 14 नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन, आणि आपल्याकडे त्याच दिवशी नेहरूंचा वाढदिवस म्हणून बालदिन. म्हणजे शाळेत सकाळी मधुमेहावर भाषण आणि दुपारी चॉकलेट वाटप. मी नोकरीत असताना हे दोन्ही माझ्याच हस्ते झालेलं आहे, एका वर्षी तर भाषण देतानाच माझ्या पर्समध्ये चॉकलेटं वितळत होती.

इन्सुलिनचं असं आहे की जे पेन वापरात आहे ते साधारण चार आठवडे खोलीत ठेवलं तर चालतं (तुझ्या पेनच्या डब्यातल्या कागदावर दिवस आणि तापमान लिहिलेलं असतं, ते बघ), पण खोली म्हणजे 25-30 डिग्रीची, आपल्या इंदूरच्या मे महिन्यातली नाही. माठ आण. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान मातीचं भांडं, त्यात पेन प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर ओला कपडा, आणि सगळं सावलीत, हवा लागेल असं. वाळू रोज ओली कर. न उघडलेली पेनं मात्र घरमालकिणीच्या फ्रिजमध्ये ठेव, खालच्या कप्प्यात, 2 ते 8 डिग्री, बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेलं इन्सुलिन परत वितळवून वापरायचं नसतं. घरमालकीण कुरकुर करेल असं वाटत असेल तर सोबत एक वाटी लोणचं घेऊन जा.

आणि दोन मैत्रिणींना लोची लक्षणं शिकवून ठेव, त्यातली एक ती चॉकलेटवाली असू दे. जिच्या हातात तुझा ग्लुकोजचा डबा आहे ती तसले जोक करत नाही, केलाच तर आता तो तिच्या हक्काचा.

प्रश्न : आमच्या मल्टीत (फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये) सहा शुगरवाले. एकोपा छान आहे, दर रविवारी खाली पार्किंगमध्ये जमून सगळे एकाच मशीनवर मोजतो, टोचायचं पेन पण एकच, सुई दर वेळी स्पिरिटने पुसतो. स्ट्रिपांचा खर्च वाटून घेतो. ही आयडिया बाकीच्यांनाही सांगा.
राजेंद्र नगर

उत्तर : सांगते, करू नका म्हणून. स्पिरिटने पुसून चालत नाही. बोट टोचायचं पेन एकाने वापरलेलं दुसऱ्याने वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही, कारण पेनच्या तोंडाशी न दिसणारं रक्त राहतं आणि त्यातून हिपॅटायटिस बी पसरलेला आहे, हे उगाच घाबरवायला म्हणत नाहीये. मशीनसुद्धा ज्याचं त्याचं असलेलं बरं. खर्च वाटायचाच तर चहाचा वाटा. आणि टोचण्याआधी साबणाने हात धुवा. आमच्याकडे वहिनींची शुगर एकदा 246 आली, रडायच्या बेतात, मग कळलं की आत्ताच पोरांसाठी आंबा चिरून आल्यात. हात धुवून परत टोचलं, 139. टोचताना बोटाच्या मधोमध नाही, कडेला, तिथे कमी दुखतं.

प्रश्न : एकादशीला साबूदाणा खिचडी चालेल का? आणि आमच्या यांनी विचारलंय, गराडू चालेल का, ते कंदच आहे ना?
लोकमान्य नगर

उत्तर : साबूदाणा म्हणजे नुसता स्टार्च, पोह्यांपेक्षाही वरचढ, शेंगदाणे कितीही घातले तरी बशीभरच घ्या, आणि गोळी-इन्सुलिनवर असाल तर निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गराडू कंद आहे हे खरं आणि तळलेला आहे हेही खरं. यांना म्हणावं थंडीत दोन फोडी चाखा, नजर प्लेटवर ठेवू नका.

आता एक प्रश्न नसलेलं पत्र, किस्सा आहे.

पुण्याहून दीर आले होते, त्यांना शुगर, मलाही. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेलं. ते फार कडक पथ्याचे, मालपुवा नको, रबडी नको, मूग हलव्याकडे तर बघितलंसुद्धा नाही. शेवटी म्हणाले, "वहिनी, मी आपलं एक शिकंजी घेतो, लिंबू पाणी बरं." मी म्हटलं भावजी, अहो... तोवर त्यांनी दोन सांगितल्या पण होत्या, एक मला.
खातीवाला टँक

यावर मी काय लिहू. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबू नाही, आटवलेलं दूध, केशर, सुका मेवा, चमचा उभा राहील अशी. ताईंनी पुढे लिहिलंय की भावजींनी ग्लासात बघितलं, मग ताईंकडे बघितलं, मग म्हणाले, "ऑर्डर दिली आहे, आता टाकता येत नाही," आणि दोघांनी मिळून एक प्यायली, दुसरी शेजारच्या कॉलेजच्या पोरांना दिली. राजवाड्यापर्यंत आणि परत असे दोन चकरा मारून सकाळी दोघांनी एकाच वेळी फास्टिंग मोजली. ताई 131, भावजी 128. ताईंना तीन पॉइंटचा राग अजून आहे. ताई, तीन पॉइंटने कुणी हरत नाही, एकाच बोटाचं रक्त दोनदा मोजलं तरी मशीन एवढा फरक दाखवतं.

आणि हे ते पोस्टकार्ड.

प्रश्न असा नाही. बायको जाऊन सात महिने झाले. दोघांनाही शुगर. रोज संध्याकाळी सातला, जेवणाआधी, ती माझं बोट टोचायची, मग आपलं, आणि ज्याची शुगर जास्त त्याने रात्रीची भांडी घासायची असा आमचा नियम होता. भांडी बहुतेक मीच घासली. मला वाटतं ती काहीतरी लबाडी करत होती पण कशी ते कळलं नाही. आता मशीन कपाटात आहे. मोजावंसं वाटत नाही. तुमचा अंक ती वाचायची.
स्नेहलतागंज

उत्तर : काका, पोस्टकार्ड मी फ्रिजवर मॅग्नेटने लावलंय, दोन वेळा वाचून बाजूला ठेवलं आणि तिसऱ्यांदा वाचताना गणिताच्या बाईचं डोकं चालायला लागलं. मला एक आठवून सांगा, संध्याकाळी सातच्या आधी तुम्ही फळ खायचात का? चिकू, केळं, संत्रं सोलून? आणि टोचण्याआधी काकू तुम्हाला हात धुवून या म्हणायच्या का? त्या स्वतः स्वयंपाकघरातून यायच्या, म्हणजे हात धुतलेले असणार. वर आंब्याचा किस्सा लिहिलाय तो परत वाचा. म्हणायच्या नसतील तर काका, लबाडी होती, आणि काय सुंदर लबाडी होती.

कपाटातल्या स्ट्रिपांच्या डबीवर तारीख बघा, गेली असेल तर टाकून द्या, जुन्या स्ट्रिपा काहीही आकडे दाखवतात. सात महिने मोजली नाहीये तर आधी डॉक्टरांना दाखवून तीन महिन्याची टेस्ट करून घ्या, आकडा कितीही येवो, आमच्याकडे 11.2 वाले पण बसतात. आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या घराच्या ओटल्यावर जमतो, पत्ता संपादकांकडे आहे, फोन करून घ्या. आमच्यात भांड्यांचा नियम नाही, ज्याची शुगर जास्त त्याने सगळ्यांचा चहा करायचा, बिनसाखरेचा, आणि बँकवाले काकांचा चहा फार वाईट होतो म्हणून सगळे मनातल्या मनात देवाला सांगतात यांची तरी कमी येऊ दे. दारात नळ आहे, हात तिथे धुवायचे, मी बघत असते. मशीन घेऊन या. पेन आणि सुई स्वतःची.